पाणी तपासायची पेटी, चौदा मुलं आणि रामनदी: आठ महिन्यांनंतर

गेल्या जुलैत साडेतीन हजारांना मागवलेली पाणीतपासणीची पेटी आता फेब्रुवारीत निम्मी रिकामी झाली आहे, म्हणून लिहायला बसले. वापर पुण्यात, रामनदीवर. महिन्यातले दोन रविवार, सोसायटीतली आणि पलीकडच्या वस्तीतली सातवी ते नववीची चौदा मुलं. एक जागा वर भुकूमच्या बाजूला, दुसरी पाषाण तलाव ओलांडून खाली. नदी उगमापासून मुळेला मिळेपर्यंत जेमतेम वीसेक किलोमीटर, त्यामुळे एका सकाळीत दोन्ही जागा होतात.

पेटीत सामू (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते), नायट्रेट, फॉस्फेट आणि विरघळलेला ऑक्सिजन यांची रसायनं, काचेच्या नळ्या, रंगपट्टी, पाण्यातले किडे पकडायची एक जाळी आणि एक पांढरा ट्रे. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत, तेही मुंगीच्या अक्षरात. नववीतल्या दोघींनी बसून त्याचं मराठी केलं, आता तेच चालतं.

सामू आणि फॉस्फेटबद्दल फार बोलण्यासारखं नाही. रंगपट्टी उन्हात एक सांगते, झाडाखाली दुसरंच. पाठीमागे पांढरा कागद धरून सावलीतच बघायची. नायट्रेटची गुलाबी छटा तर तीन मुलांनी तीन आकडे सांगावेत इतकी फसवी.

खरी मजा ऑक्सिजनची. बाटली पाण्याखालीच भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही. दोन रसायनं घातली की तपकिरी साका बसतो. पाण्यात ऑक्सिजनच नसेल तर साका पांढरा राहतो. मग आम्लाने पिवळं, स्टार्चने निळं, आणि निळा रंग जाईपर्यंत थेंब मोजायचे. आमच्या पेटीत एक थेंब म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम. शेवटच्या तीन थेंबांना चौदा जणं श्वास रोखून उभी असतात.

ऑक्टोबरात मात्र या थेंबांनी आम्हाला चांगलंच तोंडघशी पाडलं. गाडी पंक्चर झाली, खालच्या जागी पोचायला दुपारचे दोन वाजले. पाणी हिरवंगार, वास येणारं. सकाळी वर १५ थेंब लागले होते, इथे २३! एकाने वहीत लिहूनही टाकलं, ‘खालचं पाणी जास्त स्वच्छ’. मीही गप्प. घरी येऊन डोक्यात प्रकाश पडला: सांडपाण्यावर पोसलेलं शेवाळ भर उन्हात ऑक्सिजन बनवत असतं, आणि रात्री तेच शेवाळ आणि घाण कुजवणारे जिवाणू मिळून तो संपवतात. पुढच्या खेपेला मुलांना सकाळी साडेसहाला तिथे उभं केलं. ५ थेंब, म्हणजे अडीच मिलिग्रॅम. आंघोळीच्या पाण्याला निदान ५ मिलिग्रॅम हवा असतो. तेव्हापासून वहीत पहिला रकाना वेळेचा. माहितीपत्रकात या गोष्टीवर एक ओळ नाही, हा माझा सगळ्यात मोठा राग.

जाळी दुसऱ्याच रविवारी दांड्यातून निसटली. तशीही तिची वीण विरळ, बारीक किडे आरपार. आता पीठ चाळायची चाळणी वापरतो. प्रवाहाच्या खालच्या बाजूला चाळणी धरायची, वर एकाने मिनिटभर पायाने खडे ढवळायचे, आणि सगळं पाण्यासकट ट्रेमध्ये ओतायचं. ट्रे उत्तम आहे. सोबत बर्फाचा जुना साचा ठेवा, एकेका खणात एकेक जात.

वरच्या जागी साच्यात चतुराची पिल्लं येतात, मेफ्लाय नावाच्या किड्याची तीन शेपट्यांची पिल्लं येतात, आणि कधीतरी कॅडिसफ्लायची अळी, जिने वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळकांडं बांधलेलं असतं. ‘मावशी, खडा चालतोय!’ अशी आरोळी आली की समजायचं. खाली सगळे खण एकाच किड्याने भरतात, लालभडक वळवळणाऱ्या अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून तुटपुंज्या ऑक्सिजनवरही निभतं. किड्यांवरून पाण्याला गुण द्यायची ‘बीएमडब्ल्यूपी’ नावाची पद्धत आहे, किड्याला जितकं स्वच्छ पाणी लागतं तितके जास्त गुण; तिच्यात या लाल अळीला २ आणि खड्याला घट्ट चिकटणाऱ्या चपट्या मेफ्लायला १०. दुपारच्या शेवाळाने थेंब फसतात, पण किडा तिथे रात्रीही राहिलेला असतो. मुलांना हे माझ्याआधी कळलं.

फक्त पावसाळ्यात किड्यांवर भरवसा ठेवू नका. जुलैत ट्रे दोन्हीकडे रिकामा होता, कारण पुराने सगळं धुऊन नेलेलं. ऑक्टोबरनंतर जा. पावसात तसंही मुलांना पाण्यात उतरवू नये. पायाला जखम असेल तर कधीच नाही, लेप्टोचा धोका असतो.

आणखी दोन तक्रारी. ऑक्सिजनच्या चाचणीतलं आम्ल चांगलं जहाल आहे आणि पेटीत हातमोजे नाहीत. एकाच्या जीन्सला गुडघ्यावर भोकं पडली (त्याला ती आवडली, आईला नाही). आता आम्ल मीच घालते. दुसरं, वापरलेली रसायनं टाकायला बाटली दिलेली नाही. नदी तपासून तिच्यातच ती ओतायची का? आम्ही झाकणाची जाड प्लॅस्टिकची बरणी नेतो आणि ती भरली की ओळखीच्या प्रयोगशाळेत देतो.

चौदा मुलांना पुरेल का, तर ऑक्सिजनच्या एका चाचणीला पाऊण तास जातो, तेवढ्यात बाकीची कंटाळतात. म्हणून निम्मी चाळणीवर, निम्मी थेंबांवर. सात-आठांहून जास्त मुलं असतील तर ट्रे दोन घ्या, पेटी एकच पुरे.

ऑक्सिजनचा संच परत मागवलाय, नायट्रेटचा नाही. स्टार्चला पहिल्या महिन्यातच बुरशी आली होती, त्यामुळे नवी बाटली फ्रिजच्या दारात ठेवलीय, वर मोठ्या अक्षरात ‘खायचं नाही’.