सेंद्रिय कर्ब मोजायचा: डायक्रोमेट, भट्टी की सीएचएन?

मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे सेंद्रिय पदार्थातला कार्बन, मोजायचा एमएस्सीचा साधा प्रयोग धरा: नऊ उपचार (शेतात तपासायचे वेगवेगळे पर्याय), तीन पुनरावृत्ती, जमिनीत दोन खोलींवरचे नमुने, दोन हंगाम. 108 नमुने झाले, दुबार मोजणी धरून 216. प्रयोगशाळेत वॉकली-ब्लॅक या डायक्रोमेट पद्धतीचं साहित्य आहे, मफल फर्नेस म्हणजे भट्टी आहे, आणि शेजारच्या संस्थेत पैसे भरून सीएचएन (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन मोजणारा) विश्लेषक वापरता येतो. निवड करताना सोयीपेक्षा आधी जमीन बघावी, कारण तिन्ही पद्धती एकच गोष्ट मोजत नाहीत.

वॉकली-ब्लॅक 1934 ची पद्धत आणि आपल्याकडची सगळ्यात रुळलेली. 0.5 मिमी चाळणीतून काढलेली एक ग्रॅम माती 500 मिली शंकूपात्रात घ्यायची, त्यात 10 मिली 1 नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट, मग 20 मिली तीव्र गंधकाम्ल. अर्धा तास ठेवून 200 मिली पाणी, 10 मिली फॉस्फोरिक आम्ल, रंग दाखवणारं डायफिनाइलअमाइन, आणि 0.5 नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेटनं अनुमापन (टायट्रेशन), म्हणजे उरलेलं डायक्रोमेट मोजणं. जांभळा-निळा रंग जाऊन हिरवा आला की थांबायचं. कोऱ्या (माती न घातलेल्या) नमुन्याला 20 मिली आणि मातीला 16 मिली लागले, तर कर्ब 0.60 टक्के. म्हणजे ब्युरेटवरची 0.1 मिलीची चूक 0.015 टक्क्याला पडते. आपल्या जमिनींना एवढी अचूकता पुरते.

खरी गडबड होते ती उष्णतेत. इथे बाहेरून आच देत नाहीत. आम्ल ओतल्यावर जी ऊब तयार होते तीच कर्बाचं ऑक्सिडीकरण करते. आम्ल थेंबथेंब सोडलं किंवा पात्र थंड कडप्प्यावर ठेवलं की आकडा कमी येतो. आम्ल एका दमात पण सांभाळून, धूरकपाटात ओता, लगेच मिनिटभर घुसळा, पात्र लाकडी फळीवर ठेवा. भारी काळ्या मातीचे खडे राहिले तर त्यांच्या आतला कर्ब सुटत नाही, म्हणून ती नीट बारीक करा. खल मात्र लोखंडी नको, कारण झिजून आलेलं लोखंड डायक्रोमेट खातं. अर्ध्या तासातच द्रावण हिरवं पडलं किंवा अनुमापनाला चारपेक्षा कमी मिली लागले, तर डायक्रोमेट संपत आलंय: अर्धा ग्रॅम माती घेऊन पुन्हा करा. फेरस द्रावण हवेत रोज थोडं कमजोर होतं, म्हणून कोरा नमुना रोज हवा. कालचा कोरा आज वापरणं ही प्रबंधातली सगळ्यात स्वस्त चूक आहे.

खार जमिनीत क्लोराइडही डायक्रोमेट वापरतं आणि कर्ब फुगलेला दिसतो. गंधकाम्लात सव्वा ते दीड टक्का सिल्व्हर सल्फेट घातलं की क्लोराइड बसतं, पण ते महाग पडतं. भातखाचरातली ओली माती फेरस लोहामुळे असाच चकवा देते; ती हवेत पूर्ण वाळवली की बहुतेक प्रश्न मिटतो. मँगनीजचे ऑक्साइड भरपूर असतील तर उलट, आकडा कमी येतो.

आता भट्टी. 105 अंशांवर वाळवलेली माती तोलायची, 550 अंशांवर चार तास जाळायची, डेसिकेटरमध्ये थंड करून पुन्हा तोलायची. रसायन नाही, क्रोमियम नाही, म्हणून मोह होतो. पण हिशोब करून बघा. 0.5 टक्के कर्ब म्हणजे 1.724 या रूढ गुणकानं गुणून 0.86 टक्के सेंद्रिय पदार्थ. पाच ग्रॅम मातीत 43 मिलिग्रॅम घट. काळ्या जमिनीत 55 टक्के चिकणमाती असली आणि तिच्या स्मेक्टाइट खनिजात सुमारे चार टक्के रचनाबद्ध (खनिजाच्या बांधणीतच अडकलेलं) पाणी असलं, तर ते पूर्ण गेल्यावर घट होते 110 मिलिग्रॅम. मोजायचंय त्याच्या अडीचपट! तापमान 360 अंशांवर आणलं की चिकणमातीचं पाणी बरंचसं टिकतं, पण कोकणच्या जांभ्या मातीतली गोएथाइट आणि गिब्साइट ही लोह-ॲल्युमिनियमची खनिजं त्याच्या आधीच पाणी सोडतात. म्हणजे विदर्भ-मराठवाड्यात एका कारणानं आणि दापोलीकडे दुसऱ्या कारणानं भट्टी नडते. शेणखत, गांडूळखत, प्रेसमड (साखर कारखान्याची मळी) यांना मात्र हीच वापरा. वीस टक्के कर्बाच्या खताला डायक्रोमेट लावायचं तर 0.1 ग्रॅमच घेता येतं, आणि ती चिमूट ढिगाचं प्रतिनिधित्व करत नाही.

सीएचएन 900 अंशांच्या वर सगळंच जाळतो, कोळशाच्या कणांसकट, म्हणून एकूण कर्बाचा आकडा पक्का. अडचण चुनखडीची. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये 12 टक्के कर्ब असतो. जमिनीत आठ टक्के चुनखडी असेल तर 0.96 टक्के असेंद्रिय कर्ब आकड्यात मिसळतो, सेंद्रियापेक्षा जास्त. हायड्रोक्लोरिक आम्लानं चुनखडी आधी घालवावी लागते, आणि तेव्हा नमुना कथलाच्या नव्हे, चांदीच्या कॅप्सूलमध्ये घ्यावा, कारण कथिल आम्लात विरघळतं. नमुना जेमतेम काही मिलिग्रॅम, म्हणून माती 0.15 मिमीपर्यंत पिठासारखी दळलेली हवी. नाहीतर दोन वाचनांमधला फरकच उपचारांमधल्या फरकाएवढा येतो.

आमचा कौल: उपचारांची तुलना करायची असेल, किंवा जुन्या आकड्यांशी आणि मृद आरोग्य पत्रिकेशी जुळवायचं असेल, तर सगळे नमुने वॉकली-ब्लॅकनं करा. त्यातले 12-15 नमुने, कमी-जास्त कर्बाचे मुद्दाम निवडून, चुनखडी काढून सीएचएनला द्या. त्यावरून तुमच्या जमिनीचा स्वतःचा गुणक निघतो. कार्बन साठ्यावरच प्रबंध असेल तर पैसे सीएचएनवर घाला.

गुणकाचं महत्त्व कमी लेखू नका. वॉकली-ब्लॅक सरासरी 77 टक्केच कर्ब पकडतं, म्हणून 1.3 नं गुणतात. कोणी गुणतं, कोणी नाही, आणि बरेच जण लिहीत नाहीत. 0.60 टक्के कर्ब, मातीची घनता 1.3 (ग्रॅम प्रति घन सेंमी) आणि 15 सेंमी खोली यांचा साठा हेक्टरी 11.7 टन. गुणक लावला की 15.2. पाच-सात वर्षं शेणखत घालूनही एवढा फरक सहसा दिसत नाही.

डायक्रोमेट निवडलंत तर सांडपाण्याचंही आधीच ठरवा. एका पात्रातून 240 मिली, 216 पात्रांचे 50 लिटरच्या वर, आणि सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. अनुमापन पूर्ण झालेल्या पात्रात ते तीन-संयुजी झालेलं असतं. अनुमापन न करताच टाकून दिलेल्या पात्रांत उरलेलं फेरस द्रावण घालून हिरवं करा. मग चुना घालून सामू आठ-नऊवर आणा, गाळ बसू द्या आणि तो घातक कचऱ्यात द्या. बेसिनमध्ये नाही.