मशरूमच्या थेंबांवर घालवलेले तीन महिने

अंगावरून पांढरं जाणं आणि जीव नकोसा करणारी खाज. वर्षभरात चौथ्यांदा हे सुरू झालं तेव्हा पुन्हा डॉक्टरांसमोर बसून तेच सांगायची मला लाज वाटली. माझी ही लाजच त्या विक्रेत्याच्या कामी आली. 'कुणाला कळणार नाही, तपासणी नको, पूर्णपणे नैसर्गिक,' असं त्याच्या जाहिरातीत होतं. रेशी आणि शिताके मशरूमच्या अर्काच्या कॅप्सूल पोटात घ्यायच्या आणि थेंब पाण्यात घालून योनी आतून धुवायची, असा कोर्स होता.

आधी त्यांनी एक 'चाचणी' करायला लावली. सकाळी उठल्याउठल्या ग्लासभर पाण्यात थुंकायचं, थुंकीचे धागे खाली उतरले की शरीरभर यीस्ट (एक प्रकारची बुरशी) पसरलंय असं समजायचं. माझे उतरले. ते कुणाचेही उतरू शकतात. थुंकी किती दाट आहे यावर ते ठरतं, योनीतल्या जंतुसंसर्गाशी त्याचा काही संबंध नाही. हे मला फार उशिरा कळलं.

मला पटलं ते त्यांचं पेनिसिलिनचं उदाहरण. १९२८ साली शास्त्रज्ञ फ्लेमिंगना बुरशीतूनच औषध सापडलं, मग बुरशीच बुरशीला मारणार, असं ते म्हणाले. ऐकायला किती बरोबर वाटतं! पण पेनिसिलिन जिवाणूंना मारतं. योनीत असा त्रास देणारं कँडिडा हे यीस्ट म्हणजे बुरशी, तिच्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. उलट अँटिबायोटिक घेतल्यावर योनीतले चांगले जिवाणू कमी होतात आणि अनेकींना यीस्टचा त्रास सुरू होतो. मशरूमच्या काही अर्कांनी काचेच्या बशीत कँडिडाची वाढ रोखली, असे प्रयोग झालेले आहेत. पण बशीत जे घडतं ते शरीरात घडेलच असं नाही, आणि योनीच्या संसर्गावर हे अर्क लागू पडतात हे रुग्णांवरच्या चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात आग व्हायला लागली. मी कळवलं, तर उत्तर आलं, 'छान! यीस्ट मरतंय, म्हणून जळजळ होतेय. थेंब वाढवा.' मी वाढवले. या एका वाक्याचा राग अजून जात नाही. त्रास कमी झाला तर औषधाचा गुण, वाढला तरी औषधाचाच गुण! अशा माणसाला खोटं पाडणार तरी कसं? आतून धुणं मुळातच चुकीचं आहे. त्याने चांगले जिवाणू धुऊन जातात आणि नाजूक त्वचा सोलवटते.

तीन महिन्यांनी बसणंही अवघड झालं तेव्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी स्वाब घेतला, म्हणजे कापसाच्या काडीने स्रावाचा नमुना तपासायला घेतला. यीस्टच होतं. मग त्यांनी विचारलं, 'तहान फार लागते का? रात्री लघवीला उठावं लागतं का?' दोन्ही होतं. रक्त तपासलं तर साखर खूप वाढलेली निघाली. संसर्ग पुन्हा पुन्हा येत होता त्यामागे हे होतं. विक्रेत्याच्या लांबलचक प्रश्नावलीत हे दोन प्रश्न नव्हतेच. क्लोट्रिमॅझोल या बुरशीनाशकाच्या योनीत ठेवायच्या गोळ्या आणि साखरेवरचे उपचार सुरू झाले, तेव्हा कुठे आराम पडला.

बायांनो, प्रत्येक खाज यीस्टची नसते. स्राव पातळ, राखाडी आणि माशासारख्या वासाचा असेल तर बहुधा जिवाणूंचा त्रास असतो, आणि त्याचं औषध वेगळं असतं. वर्षात तीन-चारदा त्रास झाला, गरोदर असाल, ताप किंवा ओटीपोटात दुखत असेल, तर घरी काहीही करत बसू नका, स्वाब करून घ्या. आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असताना डॉक्टरांना न विचारता रेशी घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

मी पैसे परत मागितले. 'समाधान न झाल्यास पूर्ण परतावा' असं जाहिरातीत ठळक छापलेलं होतं. उत्तर आलं की सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण करणाऱ्यांनाच परतावा मिळतो. बाटली फिरवून पाहिली, तर तळाशी अगदी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: हे उत्पादन कोणत्याही आजारावर उपचारासाठी नाही.