टॅली आणि ऑर्डर अ‍ॅपची जोडणी, ९ महिन्यांनंतर (आधी राउटरला यूपीएस लावा)

फीचर्स, डेमो वगैरे सगळीकडे आहे, परत लिहीत नाही. आमचं नट-बोल्टचं होलसेल, भोसरीत. हिशेब टॅलीत, तीन सेल्समनच्या ऑर्डरी मोबाइल अ‍ॅपवर, आणि या दोघांच्या मध्ये गेल्या जुलैत जो क्लाउड कनेक्टर (इंटरनेटवरून इकडचं तिकडे नेणारं सॉफ्टवेअर) बसवला त्याचा हा अनुभव. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण भांडण मिटलंय आणि मला रिन्युअलला डिस्काउंट पाहिजे.

पहिले तीन महिने मी सगळ्यांना सांगत फिरत होतो की घ्याच. मग दिवाळीच्या आधीचा शनिवार आला. बाबा रात्री निघताना नेहमीसारखा मेन स्विच पाडून गेले, चाळीस वर्षांची सवय, रात्री दुकानात एक दिवा जळलेला चालत नाही त्यांना. त्या दिवशी गर्दीत पीसी बंद करायचा राहिला होता, तो यूपीएसवर चालू राहिला, पण राउटर गेला, कारण राउटर साध्या प्लगवर. नेमकं त्याच वेळी अ‍ॅपवरून ११ ऑर्डरी टॅलीत उतरत होत्या. बिलं टॅलीत सेव्ह झाली, पण "झालं बरं का" हा निरोप क्लाउडपर्यंत पोचलाच नाही. सोमवारी सकाळी नेट आलं तसं क्लाउडला वाटलं काहीच गेलेलं नाही, त्याने ११ च्या ११ परत पाठवली.

आणि आमच्याकडे टॅलीत बिल नंबर ऑटोमॅटिक. म्हणजे तीच ऑर्डर, पण नवा नंबर. तोच नंबर परत आला असता तर सरकारी ई-इन्व्हॉइस पोर्टलने डुप्लिकेट म्हणून परत फेकला असता, नंबरच वेगळा म्हटल्यावर त्याला काय कळणार. काकूंनी (आमच्या अकाउंटंट, वीस वर्षं आहेत) नेहमीप्रमाणे पेंडिंग सगळी सिलेक्ट केली आणि बटण दाबलं. २२ आयआरएन, म्हणजे पोर्टल प्रत्येक बिलाला देतं तो नोंदणी नंबर. बिलं मेलवर पार्ट्यांना आपोआप गेली.

गुरुवारी चाकणच्या एका पार्टीचा फोन, "साहेब, माल एकदाच आला, बिलं दोन कशी?" तोपर्यंत २४ तास केव्हाच उलटून गेलेले, पोर्टलवर कॅन्सल होत नाही. मग ११ क्रेडिट नोटा (जादा बिल उलटवायचा कागद), त्यांचेही परत आयआरएन, आणि प्रत्येक पार्टीला फोन करून माफी. काकू दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अरे, हाताने बिल करत होते तेव्हा चुकत होतं, पण डबल चुकत नव्हतं."

सपोर्टचा अनुभव सांगतो. प्रत्येक फोनला पहिला प्रश्न, "सर, टॅली ओपन आहे ना?" हा प्रश्न बरोबर आहे हे नंतर कळलं, कारण टॅली ९००० नंबरच्या पोर्टवर बाहेरचं ऐकते ते ती उघडी आणि आत कंपनी लोड असेल तरच. पण डबल बिलांचा आणि याचा काय संबंध? तीन आठवडे "टीमकडे पाठवलंय". मी तेव्हा एक स्टार देऊन मोकळा झालो होतो. वर्षाला १८,००० अधिक जीएसटी मोजतोय, फुकट नाही.

राउटरला छोटा यूपीएस घेतला, १,४०० रुपये. इतकं साधं. डेमोला आलेल्या मुलाने सर्व्हर, बॅकअप, सिक्युरिटी सगळ्यावर तासभर बोलून दाखवलं, राउटर कुठल्या प्लगवर आहे हे एकदा वाकून बघितलं नाही. मी आता कुठल्याही दुकानात गेलो की आधी टेबलाखाली बघतो. बायको म्हणते वेड लागलंय.

पण तो खरा इलाज नव्हता हे कबूल करायला पाहिजे. उद्या नेट कंपनीकडूनच गेलं तर? डिसेंबरात कनेक्टरवाल्यांनी अपडेट दिला, आता बिल टाकायच्या आधी कनेक्टर अ‍ॅपचा ऑर्डर नंबर टॅलीत शोधतो, सापडला तर परत टाकत नाही. मी मुद्दाम सिंक चालू असताना नेटची वायर उपसून पाहिलं, पाच वेळा. एकही डबल नाही. तिथे एक स्टारचा तीन झाला.

आणि जरा माझ्याही चुका. सुरू करताना त्यांनी एक शीट दिली होती, पार्टी, माल, रेट, स्टॉक, प्रत्येकापुढे "मूळ नोंद कुठली?" असा कॉलम. म्हणजे दोन्हीकडे वेगळं असेल तर कोणाचं खरं धरायचं. मी रिकामाच ठेवला, म्हटलं बघू नंतर. परिणाम असा की सेल्समनने अ‍ॅपवर रेट बदलला की टॅलीत बदलायचा आणि काकूंनी टॅलीत दुरुस्त केला की अ‍ॅपवर, आठवडाभर दोघांची रस्सीखेच, आणि दोघंही मला शिव्या देत होते. शेवटी ठरवलं, रेट आणि पार्टी फक्त टॅलीत, ऑर्डर फक्त अ‍ॅपवर, दुसऱ्याने हात लावायचा नाही. अर्ध्या तासाचं काम होतं, जुलैतच करायला हवं होतं.

मालाच्या नावांचं तर विचारूच नका. आठ एमएम जाडीचा, पंचवीस लांबीचा एकच हेक्स बोल्ट आमच्याकडे पाच नावांनी, एकात मध्ये फुली, एकात स्टार, एकात स्पेलिंगच चुकलेलं. ३,४०० नावं साफ करून २,१०० वर आली. त्यात एक्सेलने घात केला, १०-१२ असा पार्ट नंबर टाकला की तो १० डिसेंबर करून टाकतो, कॉलम आधी टेक्स्ट करायचा हे ४० पार्ट बिघडल्यावर कळलं. आणि खरेदी किलोत, विक्री नगावर, तेव्हा नगाचं वजन प्रत्येक साइझला भरावं लागलं. तीन रविवार गेले, वजनकाट्यावर शंभर-शंभर बोल्ट मोजत मी आणि भाचा.

आनंदाची गोष्ट एकच पण मोठी. सेल्समनला पार्टीची बाकी आता मोबाइलवर दिसते. पूर्वी दिवसाला पंधरा फोन, "काकू, अमक्याचं किती राहिलंय?" आता पार्टीसमोर उभा राहून मागतो, आणि कोणाची ९० दिवसांवर गेली की अ‍ॅप ऑर्डरच घेत नाही. मार्चएंडला आमची उधारी पहिल्यांदा बाबांच्या मनासारखी होती. ते सॉफ्टवेअरचं श्रेय देत नाहीत ते सोडा.

सध्या साडेतीन स्टार. अर्धा मी राउटरचा कापलाय, तो परत देणार नाही. रिन्युअल जुलैत, १५,००० ला देत असतील तर घेईन. मेन स्विचवर काकूंनी कागद चिकटवलाय, "हात लावू नये", बाबा तो वाचतात आणि मग बाकीचे स्विच एकेक करून बंद करत बसतात.