गुगल फॉर्म की प्लिकर्सची कार्डं? वर्गातल्या चाचणीसाठी माझा कल कुठे आहे

ऑनलाइन चाचणी म्हटलं की आपल्याकडे गुगल फॉर्मच डोळ्यासमोर येतो, आणि ते साहजिकच आहे, २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा बहुतेक शिक्षकांनी हाच रस्ता धरला होता. फॉर्म कसा बनवायचा, आन्सर की, म्हणजे बरोबर उत्तरं, कशी लावायची हे आता सगळ्यांना येतं, त्यामुळे त्यात शिरत नाही. पण आता पोरं समोर बसलेली असताना, एखादा घटक शिकवून झाला आणि कितपत डोक्यात गेलंय ते बघायचंय, तर फॉर्मच चालू ठेवायचा की प्लिकर्सकडे, म्हणजे कागदी कार्डांवरून उत्तरं टिपणाऱ्या ॲपकडे वळायचं, असं बरेच शिक्षक विचारतात. मी जिल्हा परिषद शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवतो आणि दोन्ही वापरलंय, तेवढ्यावरून सांगतो, तुमच्या शाळेची परिस्थिती वेगळी असू शकते.

आधी फॉर्मच्या बाजूने बोलतो कारण त्याचं चांगलं बरंच आहे. तपासणी आपोआप होते, सगळं गुगल शीटच्या तक्त्यात येऊन बसतं, आकृती टाकता येते, प्रश्नांचा क्रम बदलता येतो. आणि शिष्यवृत्ती परीक्षेचा सराव घ्यायचा असेल तर फॉर्म खरंच सोयीचा, कारण पेपर ७५ प्रश्नांचा असतो आणि वरच्या इयत्तेच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात, तिथे चेकबॉक्स लावला की काम झालं. प्लिकर्सच्या कार्डाने एका वेळी एकच पर्याय दाखवता येतो, त्यामुळे तिथे त्याचा उपयोग नाही.

फक्त एक बघा, टाइप करून उत्तर लिहायचा प्रश्न ठेवलात तर ते आन्सर कीशी जसंच्या तसं जुळावं लागतं. तुम्ही आन्सर कीमध्ये इंग्रजी आकड्यात बारा लिहिले आणि पोराने मराठी कीबोर्डवरून १२ टाकले की उत्तर बरोबर असून मार्क शून्य. दोन्ही आकडे आन्सर कीमध्ये टाकून ठेवायचे, मग अडचण येत नाही.

माझं मन फिरलं ते वेगळ्याच कारणाने. फॉर्म घरी सोडवायला दिला की तो नक्की कोणी सोडवला हे मला कधीच कळत नव्हतं. आमच्याकडे घरात फोन एक, तो वडिलांच्या खिशात, वडील संध्याकाळी उशिरा येणार, मग जेवणं झाल्यावर घाईघाईत चाचणी होणार आणि शेजारी ताई बसलेली असणार. ताईचा हेतू वाईट नसतो हो, भावाला मार्क पडावेत असं तिला वाटतं, पण माझ्या शीटमध्ये वीसपैकी वीस येतात आणि सकाळी तोच मुलगा फळ्यासमोर त्याच गणिताला अडतो. त्यात नावांचा घोळ, एकच मुलगी एकदा मराठीत नाव लिहिते, एकदा इंग्रजीत आणि एकदा नुसतं आडनाव, की शीटमध्ये तीन मुली दिसायला लागतात. ते निस्तरण्यातच रविवार जायचा. मला त्या मार्कांचं काय करायचंय, मला पोराचं चुकलेलं उत्तर हवंय, कारण उद्या काय शिकवायचं ते मला त्यातूनच कळतं. घरी सोडवलेल्या फॉर्ममध्ये नेमकी ती चूकच पुसून गेलेली असते.

प्लिकर्समध्ये हा प्रश्नच येत नाही. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, प्रत्येक पोराच्या हातात काळ्या चौकटींचं एक कागदी कार्ड, त्यावर त्याचा नंबर, चार बाजूंना ए बी सी डी. जे उत्तर वाटतं ते अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं, तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की नावासकट उत्तरं टिपली जातात. पोरांकडे फोन लागत नाही, तुमच्या एकट्याच्या फोनवर भागतं. प्रत्येकाचं कार्ड वेगळं आणि अक्षरं बारीक, म्हणून शेजाऱ्याचं बघूनही फारसा फायदा नाही.

सहावीला दशांश घेतले तेव्हाचं सांगतो. प्रश्न साधा, ०.५ आणि ०.३५ यात मोठं कोण. मान डोलावणारी पोरं भरपूर होती, मला वाटलं समजलंय. कार्डं वर झाली आणि स्क्रीनवर लालच लाल, अर्ध्याहून जास्त वर्गाने ०.३५ धरलेलं. का, तर ३५ हे ५ पेक्षा मोठे, दशांशचिन्ह त्यांच्या लेखी नव्हतंच. लगेच रुपये पैसे काढले, ०.५ रुपये म्हणजे ५० पैसे आणि ०.३५ म्हणजे ३५ पैसे, फळ्यावर ०.५ च्या पुढे शून्य देऊन ०.५० केलं, दशांश शतांशाची घरं पाडली, आणि तसाच दुसरा प्रश्न टाकला. तासाच्या आतच चित्र पालटलं. हीच चाचणी घरी फॉर्मवर दिली असती तर ही चूक मला घटक चाचणीच्या पेपरात दिसली असती, तोवर आम्ही पुढच्या प्रकरणात. आणि कधीच हात वर न करणारी पोरंही कार्ड मात्र वर करतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

उणिवा आहेतच. प्लिकर्सच्या फुकट खात्यात एका प्रश्नसंचाला पाचच प्रश्न बसतात, मला ते पुरतात पण सगळ्यांना पुरतील असं नाही. तुमच्या फोनला नेट हवं. आणि नुसत्या पर्यायांवरून मुलाने गणित कसं सोडवलं ते दिसत नाही, त्याला वहीच बघावी लागते. प्रकट वाचनासाठी तर पोराशेजारी बसण्याला पर्याय नाही, तिथे हे दोन्ही बाजूला ठेवा.

ओएमआर शीट, म्हणजे गोळे भरायची उत्तरपत्रिका, फोनने स्कॅन करणारी ॲप्सही आहेत, शिष्यवृत्तीच्या मुलांना गोळे भरायची सवय लावायला ती चांगली, पण रोज शीटच्या झेरॉक्स काढायचा खर्च कुठून आणणार.

तेव्हा सराव पेपर, पालकांची माहिती, सहलीची संमती याला फॉर्म ठेवा, तो उत्तमच आहे. पण वर्गात आज काय समजलं हे बघायचं असेल तर मला विचाराल तर कार्डं घ्या. छापताना जाड कागदावर छापा आणि चकचकीत लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइटचा उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेऱ्याला कार्ड वाचता येत नाही. पोरांना कार्ड कडेने धरायला शिकवा, काळ्या भागावर बोट आलं की तेच होतं. आणि हजेरीपटाच्या क्रमानेच नंबर द्या, म्हणजे कोणाचं कार्ड कुठलं हे पोरांनाच पाठ होतं.