गाइड डॉग घ्यायचा विचार करताय? संस्थेची सर्व्हिस कशी होती ते सांगतो

माझ्या बहिणीला दिसत नाही, तिला गाइड डॉग (अंध माणसाला सोबत करून वाट दाखवणारा, शिकवलेला कुत्रा) मिळून बरेच महिने झालेत. संस्थेचं नाव टाकत नाही कारण एक तक्रार पण आहे, पण अनुभव सविस्तर लिहितोय कारण आम्ही शोधत होतो तेव्हा सगळीकडे कुत्र्यांचे गोड फोटोच दिसायचे, रोज काय काय करावं लागतं ते कुणी लिहीतच नाही.

कुत्रा आणला, हातात पट्टा दिला आणि गेले असं यांनी अजिबात केलं नाही. मुलाखतीतच विचारलं, रोज किती चालता, तुम्ही आजारी पडलात तर त्याला बाहेर कोण नेणार, व्हेटचा खर्च झेपेल का. बहीण जरा वैतागली, मला मात्र तिथेच यांच्याबद्दल खात्री वाटली. कुत्रा येतो तो साधारण दोन वर्षांचा, पूर्ण शिकलेला, पण मग काही आठवडे माणसाचं ट्रेनिंग असतं आणि खरी मेहनत तीच. कारण कुत्र्याला सिग्नल वाचता येत नाही! रस्ता कधी ओलांडायचा ते गाड्यांचा आवाज ऐकून तिनेच ठरवायचं, आणि समोर धोका असेल तर त्याने तिचा हुकूम मोडायचा. ट्रेनरने मुद्दाम इलेक्ट्रिक गाडी आणली, आवाज जवळपास नाहीच, हिने 'फॉरवर्ड' म्हटलं आणि ब्रूनो (आमचा कुत्रा) जागचा हलला नाही, उलट तिच्या पायांसमोर आडवा उभा राहिला. अंगावर काटा आला माझ्या.

जेवणाबाबत संस्था भयंकर कडक आहे आणि ते बरोबरच आहे. मापाने खाणं, वरून एक घाससुद्धा नाही, दर आठवड्याला बहिणीने तळहाताने बरगड्या चाचपून बघायच्या, लागल्या पाहिजेत. ब्रूनोसारख्या लॅब्राडॉर जातीच्या कुत्र्यांमध्ये पीओएमसी नावाच्या जीनमधला एक दोष 2016 मध्ये सापडला, त्याने भूक भागतच नाही, साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये तो असतो आणि असिस्टन्स डॉग्जमध्ये, म्हणजे माणसाच्या मदतीसाठी शिकवलेल्या लॅब्राडॉरमध्ये, त्याहून बराच जास्त. म्हणजे तो केविलवाणा चेहरा करून बघणार, आणि तुम्ही विरघळायचं नाही. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा तर विषच.

घरच्यांना सगळ्यात जड जातं ते वेगळंच. सुरुवातीला खायला तीच देणार, ब्रश तीच करणार, बाहेर तीच नेणार, आम्ही लाडसुद्धा बेतानेच करायचे, कारण त्याचं नातं आधी तिच्याशी जुळायला हवं. हार्नेस (कामाच्या वेळी त्याच्या अंगावर बांधायचा, हिने धरायचा पट्टा) अंगावर असेल तर हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. पाहुण्यांना हे शंभरदा सांगावं लागतं आणि सांगायचंच, त्याचं लक्ष उडालं तर ठेच हिला लागते. हार्नेस काढला की मात्र तो नुसता धिंगाणा घालतो, ते पण त्याला रोज मिळायलाच हवं.

आता तक्रार. असे कुत्रे साधारण आठ ते दहा वर्षांचे होईपर्यंत काम करतात, त्यानंतर तो आमच्याकडेच राहू शकेल का, म्हातारपणीचा औषधपाण्याचा खर्च कुणाचा, दुसऱ्या कुत्र्यासाठी पुन्हा रांगेत थांबायचं का, यावर "तेव्हा बघू" एवढंच उत्तर मिळालं. करारात मालकी संस्थेकडेच आहे, म्हणजे उद्या निर्णयही त्यांचाच. फॉलोअप व्हिजिट वेळेवर होतात, फोनही उचलतात, म्हणून पाचपैकी चार स्टार. अर्ज करणार असाल तर रिटायरमेंटचे नियम सहीच्या आधी लेखी मागून घ्या.