साडेचारशेचा मल्टिमीटर, आठ महिन्यांनंतर

सांगलीत गणपती पेठेतनं साडेचारशे रुपयांना मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज, करंट, रोध मोजायचं यंत्र, आणला, तेव्हा आई म्हणाली, "आता चालू असलेलंही बंद पाडणार तू." आठ महिने झाले. तिचं निम्मं खरं ठरलं, ते पुढे सांगतो.

पहिली परीक्षा गिझरची. पाणी कोमटसुद्धा होईना. मिस्त्री आला, झाकणाला हातही न लावता "कॉइल गेली, बोअरच्या पाण्यानं जातेच" म्हणाला आणि दीड हजार सांगून गेला. क्षार चढतो हे खरं. तरी म्हटलं, बघू. एमसीबी (बोर्डावरचा सेफ्टी स्विच) पाडला, प्लग काढला, कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवल्या आणि मीटर २०० ओहमवर लावला. २७.१. नुसत्या पिना एकमेकींना टेकवल्या तरी हा ०.६ दाखवतो, तेवढे वजा. गिझर २००० वॅटचा. घरचा सप्लाय २३० व्होल्टचा, म्हणून चांगल्या कॉइलचा रोध हवा २३० गुणिले २३० भागिले २०००, म्हणजे साडेसव्वीस ओहमच्या आसपास. कॉइल ठणठणीत! मग मीटर बीपवर ठेवून (जोड सलग असेल तर वाजतो) कटआउट, म्हणजे सप्लाय तोडणारा सेफ्टी स्विच, तपासला, तर मीटर मुका. कटआउटचं लाल बटण दाबलं, 'टक्' झालं, बीप वाजला.

फुशारकी दोन दिवस टिकली. कटआउट पुन्हा उडाला. तो उगाच उडत नाही, पाणी प्रमाणाबाहेर तापलं की उडतो. म्हणजे खरा चोर थर्मोस्टॅट; त्याचे पॉइंट चिकटत होते, सप्लाय वेळेवर तुटतच नव्हता. तो बदलला, तेव्हापासून कुरकुर नाही. नुसतं बटण दाबत बसलो असतो तर भलतंच काही झालं असतं.

शेंगदाण्याचा कूट करताना मिक्सर बंद पडला, त्याचं श्रेय मात्र मीटरला नाही. उलटा केला, बुडाचं ओव्हरलोडचं बटण दाबलं, चालू.

आता आईचं निम्मं. एकदा लाल पिन दहा अँपिअरच्या भोकात राहिली आणि मी तशीच सॉकेटमध्ये घातली, व्होल्टेज बघायला. त्या भोकातनं मीटर म्हणजे सरळ तारेचा तुकडा, आणि स्वस्तातल्या मीटरला तिथं फ्यूजही नसतो. फाट्‌कन जाळ, घरभर अंधार, पिनेचं टोक वितळलेलं. बोटं वाचली. आता पिन लावण्याआधी भोक बघतो, मगच हात पुढे.

मायक्रोवेव्हच्या वाटेला मात्र जाणार नाही. त्याच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, प्लग काढल्यावरही जीवघेणा चार्ज साठलेला असू शकतो.

तक्रारी दोन. बंद करायला विसरलं की नऊ व्होल्टची बॅटरी उगाच उतरत जाते. आणि यात कपॅसिटर मोजता येत नाही. फॅन हळू फिरायला लागला, तेव्हा अंदाजानंच अडीच एमएफडीचा (मायक्रोफॅरड, कपॅसिटरचं माप) नवा कपॅसिटर टाकला. नशिबानं तोच गेला होता. पुढचा मीटर कपॅसिटर मोजणारा आणि आपोआप बंद होणारा घेईन, दोन-तीनशे जास्त गेले तरी.