ऑफरोडचं स्टिकर: 12,070 डॉलरचा धडा

लिहिताना लाज वाटते. पण जून-जुलै जवळ आले की मेलबर्नच्या मराठी घरांतून उलुरूचे बेत शिजायला लागतात, आणि कोणीतरी म्हणतंच, "डांबरी रस्त्याने काय जायचं, ऊडनडाटा ट्रॅकने जाऊ, कॅरव्हॅन ऑफरोड आहे ना!" त्या "आहे ना"साठी हे लिहिलंय.

सौदा असा होता. 2016 ची 18 फुटी, दोन एक्सलची कॅरव्हॅन (गाडीमागे ओढायचं फिरतं घर), किंमत 34,500 डॉलर. त्यातले 4,200 "ऑफरोड पॅकेज"चे, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठी केलेल्या बदलांचे, पावतीवर वेगळी ओळ. वापरलेल्या कॅरव्हॅनच्या यार्डातला माणूस म्हणाला, "गिब रिव्हर रोड दोनदा करून आलीय." गिब म्हणजे 660 किलोमीटरचा, बहुतांश कच्चा रस्ता. तिथून गाडी धड परत आली असेल तर आणखी काय बघायचं, असं वाटलं.

ऊडनडाटा ट्रॅक हा साउथ ऑस्ट्रेलियातला कच्चा रस्ता, मॅरीपासून मार्लापर्यंत सुमारे 620 किलोमीटर. विल्यम क्रीकच्या उत्तरेला 70 किलोमीटरवर डाव्या बाजूचा मागचा मुख्य पाटा डोळ्यापाशी तुटला. पाटा म्हणजे लीफ स्प्रिंग, आपल्याकडच्या ट्रकला असतात तेच; डोळा म्हणजे त्याच्या टोकाचं बोल्टचं गोल भोक. तो तुटल्यावर एक्सल त्या बाजूने मागे सरकला, टायर चाकावरच्या कमानीला घासून फाटला, कमानीतून फरशीची प्लाय उखडली आणि ब्रेकची वायर ताणून तुटली. वेग 60 होता, हवा 40 वरून 28 पीएसआयवर आणलेली होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे प्रत्येक ऑफिसात पहिला प्रश्न आला, "किती वेगात होता?"

आता हे 4,200 चं पॅकेज काय होतं, ते सुटं करून बघू. मोठे, खडबडीत टायर. पुढच्या बाजूला खालून अर्ध्या उंचीपर्यंत ठोकलेला चेकर प्लेटचा काळा पत्रा. तीन स्टिकर. गाडी उंच केलेली. आणि बुडाला ताजा काळा रंग.

उंच करायची युक्ती अशी. साध्या कॅरव्हॅनमध्ये बऱ्याचदा एक्सल पाट्यांच्या वर बसलेला असतो. त्याला वरच्या अंगाने नवी बैठक वेल्ड करायची, पाटे एक्सलच्या वर घ्यायचे, दोघांना बांधणारे यू बोल्ट उलटे आवळायचे. गाडी 100 मिलिमीटरच्या वर उचलली जाते आणि रांगडी दिसते. पण पाटे तेच, चासी तीच, शॉकअप मुळात नव्हतेच ते आताही नाहीत. गुरुत्वमध्य वर गेला. टायरचा व्यास वाढला आणि ड्रम 10 इंचीच राहिले, म्हणजे ब्रेकची पकड कमीच झाली. शिवाय ओढायचा दांडा पुढे झुकला. कॅरव्हॅन अशी नाकावर झुकून चालली की कच्च्या रस्त्यावर पुढच्या एक्सलच्या पाट्यांवर जादा भार येतो.

शॉकअपचं महत्त्व हाडात शिरतं ते रस्त्याच्या लाटांवर. कोरड्या मुरुमाच्या रस्त्यावर चाकं उड्या मारून मारून पत्र्याच्या छपरासारख्या आडव्या लाटा तयार करतात. डांबरावर पाट्यांचा एकमेकांवरचा घास धक्का जिरवायला पुरतो. इथे सेकंदाला अनेक धक्के, तासन् तास. पाटा दाबला जातो आणि सुटतो, ती ऊर्जा जिरवायला कोणी नाही, म्हणून ती चासीच्या वेल्डिंगमध्ये, पाट्यांच्या डोळ्यांत आणि पाटा चासीला अडकवणाऱ्या शॅकलच्या बोल्टमध्ये जाते. आत लाकडी सांगाड्याचे स्क्रू ढिले होतात, कपाटांची दारं उघडतात, फ्रिज जागेवरून निसटतो. खाली सांडपाण्याचा प्लॅस्टिकचा पाइप आणि उघडी पाण्याची टाकी दगडांच्या तोंडी. खरी कच्च्या रस्त्याची कॅरव्हॅन बहुधा ट्रेलिंग आर्मवर असते, प्रत्येक चाक स्वतंत्र, कॉइल आणि शॉकअप, 12 इंची ड्रम, 150 मिलिमीटर उंचीची चासी, टाकीखाली पत्रा. ते 4,200 मध्ये होत नाही. हे एवढं साधं गणित तेव्हा का सुचलं नाही, देव जाणे.

बघायला हवं होतं तो क्षण सांगतो. खरेदीच्या दिवशी बुडाखाली मोबाइलचा टॉर्च मारला होता. एक्सलच्या खालच्या अंगाला लोखंडाची एक रिकामी बैठक वेल्ड केलेली दिसली, चारही ठिकाणी. यार्डवाल्याला विचारलं. म्हणाला, "जॅक लावायची जागा." आणि ते पटलं! ती पाट्यांची जुनी बैठक होती, एक्सल वर होता तेव्हाची. रिकामी बैठक म्हणजे पाटे जागा बदलून गेलेत, याहून उघड पुरावा नाही. कॅरव्हॅनचा जॅक एक्सलखाली नव्हे, उत्पादक सांगेल त्या जागी, बहुतेकदा चासीला लावतात, हेही ठाऊक होतं. ताज्या रंगाचा वास येत होता. दहा वर्षं जुन्या गाडीचं बूड कोण रंगवतं? ज्याला काही झाकायचंय तो.

पुढच्या बाजूलाही खूण होती. जोडणी साध्या 50 मिलिमीटर गोळ्याची. डांबरावर ती चांगली. पण ओढणारी गाडी एका कडेवर आणि कॅरव्हॅन दुसऱ्या कडेवर तिरकी झाली की गोळा-वाटीचा कोन संपतो. म्हणून खडबडीत वाटेवरची मंडळी डीओ 35 सारखी सर्व बाजूंनी फिरणारी जोडणी लावतात. "दोनदा गिब" करून आलेली गाडी आणि गोळ्याची जोडणी, एवढ्यावरच उठून यायला हवं होतं.

वजनाचं तर विचारूच नका. दांड्यावरच्या पाटीवर टेअर 1,880 किलो, एटीएम 2,180. टेअर म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन, आणि इथे एटीएम म्हणजे भरलेल्या ट्रेलरचं कमाल वजन. (यार्डवाल्याला मात्र त्यातून पैसेच निघाले.) वजाबाकी 300, म्हणून 290 किलोच भरलं. दोन टाक्या पाणी 160, गॅस 18, उरलेलं 112 कपडे, शिधा, खुर्च्या आणि दुसरी स्टेपनी. पण टेअर कारखान्यातल्या दिवसाचं असतं. नंतर लागलेली ऑनिंग (बाहेर उघडायचं कापडी छत), सोलर, जादा बॅटरी, चेकर प्लेट, जाडे टायर यांचं वजन पाटीवर येत नाही. घटनेनंतर वजनकाट्यावर रिकामी कॅरव्हॅन 2,060 भरली. म्हणजे पाणी भरताच मर्यादा ओलांडली होती आणि प्रत्यक्षात 170 किलो जादा ओढलं. काट्याची फी पावतीतल्या एका शून्याइतकीही नाही. पैसे देण्याआधी रिकामी गाडी काट्यावर चढवा. यार्डवाला "गरज नाही" म्हणाला तर परत फिरा.

खर्च झाला तो असा: कूबर पीडीपर्यंत उचलून न्यायला 2,860, चार पाट्यांचे संच 640, हँगर आणि वेल्डिंग 1,150, दोन टायर 410, फरशी आणि कमान 1,930, तज्ज्ञाचा अहवाल 880. बेरीज 7,870. पॅकेजचे 4,200 धरून 12,070.

मग टोलवाटोलवी. यार्ड म्हणालं, "आम्ही विकणारे नाही, कन्साइनमेंटवर ठेवली होती, मालकाशी बोला." कन्साइनमेंट म्हणजे दुसऱ्याची गाडी त्याच्या वतीने विकायला ठेवणं. पावतीवर तो शब्द होता, तळाशी, बारीक अक्षरात. मालकाने फोन उचलला नाही. राज्याच्या ग्राहक खात्याने पाच आठवड्यांनी कळवलं की समेट दोन्ही बाजूंच्या इच्छेवर आहे आणि यार्डाची इच्छा नाही. पोलिसांनी दोन मिनिटांत "दिवाणी बाब" म्हणून वाटेला लावलं. वाहन नोंदणी खात्याने पाटी बरोबर असल्याचं सांगितलं, ती बरोबर आहे हे आम्हीच त्यांना लिहिलं होतं. विमा कंपनीने दोन कारणं दिली, झीज आणि जादा वजन. पॉलिसीत कच्च्या रस्त्याबद्दलचं कलम तिसऱ्या पानावर होतंच, तेही वर लावलं. चार ऑफिसं, 31 ईमेल, आणि प्रत्येकाने दुसऱ्याचा नंबर दिला. न्यायाधिकरणात अर्ज केला तर तिथे पहिला शेरा, "ऑफरोड शब्दाची व्याख्या जोडा." व्याख्याच नाही हो! ऑस्ट्रेलियात ऑफरोड, सेमी-ऑफरोड हे जाहिरातीतले शब्द, कायद्याने त्यांना काही ठरलेला अर्थ नाही. मात्र व्यापारात खोटं चित्र उभं करणं ग्राहक कायद्यात बसत नाही, एजंट असला तरी. तेवढ्या एका दोरीला आता धरलंय.

म्हणून पावतीवर "ऑफरोड" लिहून घेऊ नका, "कच्च्या रस्त्यावर ओढण्यास योग्य, अमुक अमुक रस्ते" असं लिहून घ्या. जाहिरातीचे स्क्रीनशॉट सौद्याआधी काढा, आमची तर तक्रारीच्या दुसऱ्या दिवशी गायब झाली. पीपीएसआर या सरकारी नोंदवहीचा 2 डॉलरचा दाखला आम्ही काढला होता. तो कर्ज, चोरी आणि मोडीत काढल्याच्या नोंदी सांगतो, पाट्यांबद्दल एक अक्षर नाही. विमा घेताना "गव्हर्नमेंट गॅझेटेड", म्हणजे सरकारी राजपत्रात नोंदलेला, कच्चा रस्ता चालतो का, ते ईमेलवर विचारा.

साधी कॅरव्हॅन घेऊन चांगल्या कच्च्या रस्त्यावर थोडं अंतर जाता येतं, घाबरून घरी बसा असं म्हणत नाही. पण दर 100 किलोमीटरला थांबून यू बोल्ट पाना लावून बघा, चाकाच्या मध्यभागी हाताची पाठ लावा, एक हब इतरांपेक्षा फार तापला तर बेअरिंग बिघडत चाललं समजा. टाकी अर्धी भरलेली नको, पाणी हिंदकळतं, एक भरा, एक रिकामी ठेवा. धूळ आत येऊ नये म्हणून हवेच्या खालच्या जाळ्यांना टेप लावणारे टेप काढायला विसरतात, गॅस पेटवण्याआधी तो निघालाच पाहिजे.

तुटलेल्या पाट्याचा तुकडा न्यायाधिकरणाने पट्टीशेजारी ठेवून फोटो काढायला सांगितला होता. तुटीचं तोंड दोन रंगांचं आहे. एका बाजूला धातू चकचकीत, तिथे ऊडनडाटावर तुटला. दुसऱ्या बाजूला गंजकट तपकिरी, आणि त्या जुन्या चिरेत काळा रंग उतरलेला, बुडाला फासला होता तोच. पाटा 45 मिलिमीटर रुंद, त्यातली 27 मिलिमीटर चीर आम्ही विकत घेण्याआधीची.